लॉकअपमधले संपादक

आषाढ लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो आणि मराठी लेखक मेलकडे. दोघांचंही वर्षाचं गणित त्या महिना-दीड महिन्यात ठरतं. शेतकऱ्याला निदान हवामान खातं काहीतरी सांगतं, मग ते खरं होवो न होवो. दिवाळी अंकाचं निमंत्रण येईल की नाही याचा अंदाज मात्र लेखकाला कुणीच देत नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी साहित्यिकाच्या आयुष्यात एक जादाचा ऋतू आला. त्या ऋतूत त्याचं जेवणाकडे लक्ष नसतं, तो घरच्यांवर उगाच खेकसतो आणि दर दहा मिनिटांनी फोन उचलून बघतो. घरचे समजून घेतात. मानधन आलं की एक बाहेरचं जेवण ठरलेलं असतं.

एका अंकाचं निमंत्रण मला गेली अकरा वर्षं न चुकता येत होतं. अंकाचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची थोडी शोभा व्हायची आहे. सुरुवातीला पोस्टकार्ड यायचं. पन्नास पैशांचं कार्ड, त्यावर संपादकांचं मुंग्या चालल्यासारखं तिरकं अक्षर. ते माझ्या आधी आमच्या पोस्टमनकाकांनी वाचलेलं असायचं. “या वर्षी पण बोलावलंय बरं का,” असं ते दारातच सांगायचे आणि जिना उतरता उतरता, “पंधरा ऑगस्टच्या आत द्यायचाय,” असं बजावून जायचे. इमारतीचं नाव चुकलं, मजला चुकला, आडनावातला एखादा काना गळाला तरी कार्ड माझ्याच हातात पडायचं. डोंबिवलीत इमारतीगणिक दोन विनोदी लेखक असताना हे सोपं काम नाही.

पुढे संपादकांनी काळाबरोबर जायचं ठरवलं. अंकाची वेबसाइट झाली. ती व्यवस्थापकांच्या मेहुण्याने करून दिली. वेबसाइटच्या नावाचा मेलचा पत्ता आला आणि कार्डं बंद झाली. पहिली काही वर्षं निमंत्रण मेलवरही नीट आलं. यंदा आलं नाही.

पहिला आठवडा मी काहीच मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गेल्या वर्षीचा माझा लेख काढून वाचला. वाईट नव्हता. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा जरा वाईट वाटला. तिसऱ्यांदा वाचल्यावर संपादकांची बाजू पटायला लागली. चौथ्या वेळी मात्र मी सावरलो आणि त्यांच्याच अंकातले बाकीचे लेख वाचले. तेव्हा बरं वाटलं.

जुलैच्या अखेरीस लोकलमध्ये एक समव्यवसायी भेटले. “तुम्ही काय देताय यंदा त्यांना?” त्यांनी विचारलं. “बघू, अजून ठरवलं नाही,” मी म्हणालो. ठाकुर्लीपर्यंत मी गप्प होतो. कल्याण येईतो, त्या अंकाचा दर्जा कसा घसरलाय, जाहिराती कशा वाढल्यात, आणि आपल्यासारख्यांनी तिथे आता लिहावं का, यावर माझं व्याख्यान झालं होतं. ते ऐकत होते. पुढे कळलं की त्यांनी ते संपादकांपर्यंत शब्दशः पोचवलं. असे निरोप कधीच गहाळ होत नाहीत.

एक ऑगस्टला संपादकांचाच फोन.

“नमस्कार. कुठवर आलाय लेख?”

“कुठला लेख?” मी आवाज फ्रीजमधून काढल्यासारखा ठेवला.

“अहो, निमंत्रण पाठवलंय की. चार जुलैलाच.”

“मला नाही आलं.”

“असं कसं? सगळ्यांना एकदमच गेलंय. बाकीच्यांचे होकारही आले.”

फोन ठेवून मी मेल उघडला आणि संपादकांचं नाव घालून शोधलं. अंकाचं नाव घालून शोधलं. नुसतं ‘निमंत्रण’ घालून शोधलं, तर चार वर्षांपूर्वीच्या एका वास्तुशांतीचं आलं. “थापा मारतोय,” मी बायकोला म्हणालो. “आयत्या वेळी कुणीतरी गळाला असणार, म्हणून आठवण झाली.”

“अहो, पण ते स्पॅम का काय असतं, तिथे बघितलंत का?”

“सगळीकडे शोधलं. मशीनने शोधलंय, मी नाही.”

संध्याकाळी भाचा आला. तो आयटीत आहे. म्हणजे आमच्या घरातला कुठलाही वायरवाला किंवा बिनवायरचा पदार्थ बिघडला की तो जबाबदार असतो. त्याने कप खाली न ठेवता एका हाताने फोन घेतला. “मामा, तू वर शोधलंस ना, ते स्पॅममध्ये बघतच नाही. कचऱ्याच्या डब्यातही नाही. तिथे आपल्यालाच उतरावं लागतं.” म्हणजे घरभर चष्मा शोधायचा, पण माळ्यावर शिडी लावायची नाही, असा त्या शोधाचा नियम आहे. हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

स्पॅमचं फोल्डर उघडलं. त्या जागी मी याआधी कधी गेलो नव्हतो. सभ्य माणसाने गावातल्या ज्या गल्लीतून जाऊ नये अशी गल्ली असते, तसं काहीसं ते माझ्या मनात होतं. परदेशातल्या एका मृत इंजिनिअरची विधवा आपले चाळीस लाख डॉलर कुणाकडे सोपवावे या विवंचनेत बसली होती. तिच्या खाली टकलावर तीन आठवड्यांत केस उगवणारं तेल. त्याखाली बिनतारण कर्ज, तेही मंजूर झालेलं. आणि त्याखाली आमचे संपादक. एखाद्या यात्रेत पोलिसांनी खिसेकापू पकडावेत आणि त्या घोळक्यात गावच्या हेडमास्तरांनाही लॉकअपमध्ये कोंबावं, तसे ते कोट-टोपीसह उभे होते. बाजूला टक्कलवाला. मला गलबलून आलं.

“अठ्ठावीस दिवस झालेत,” भाचा म्हणाला. “तीस झाले की आपोआप पुसलं जातं.”

म्हणजे फाशीची तारीख परवाची होती.

भाच्याने मेल बाहेर काढला, पण लगेच सोडवला नाही. आधी पंचनामा केला. विषयाच्या ओळीत ‘सस्नेह निमंत्रण!!! अत्यंत तातडीचे!!!’ असं होतं. उद्गारचिन्हं मोजून सहा. मजकुराचं पहिलं वाक्य लालभडक, तेही ठळक. पत्र एकूण एकशे चाळीस लेखकांना, पण कुणालाच कुणाचा पत्ता दिसू नये म्हणून झाकून पाठवलेलं. म्हणजे ‘प्रति’च्या जागी खुद्द संपादकच. मधला परिच्छेद युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा मराठी फॉन्टमधून उचलून चिकटवलेला. त्यामुळे ‘आपल्या सकस लेखणीने’ असं जिथे असणार, तिथे भागाकाराची चिन्हं, डोक्यावर दोन टिंबं असलेली युरोपी अक्षरं आणि एक डॉलर पडला होता. छापखान्याशी संबंध आलेला मराठी माणूस असा मजकूर बघून शांतपणे म्हणतो, “फॉन्ट गेलाय.” यंत्राला ते कुठून कळणार? काहीतरी लपवून आत न्यायचा हा डाव आहे, असंच ते समजणार. सोबत एक झिप फाईल. आणि शेवटी ‘मानधन’ आणि ‘रक्कम’ हे शब्द एकाच ओळीत.

“मामा, मी पण हे स्पॅमातच टाकलं असतं,” भाचा म्हणाला.

झिप उघडली तर आत काय, मागच्या वर्षीच्या मुखपृष्ठाचा फोटो.

मग त्याने मला चाळण्यांचं शास्त्र सांगितलं. स्पॅमअसॅसिन नावाची एक जुनी प्रसिद्ध चाळणी आहे. ती पत्राला गुण देते. विषय नुसता ओरडून लिहिलाय, इतके गुण. पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा संशयास्पद, इतके गुण. मूळ मांडणीत पाच गुण भरले की पत्र स्पॅम. शाळेत पस्तीस मिळाले की पास, इथे पाच मिळाले की नापास. आमचे संपादक उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच अशा सहजतेने विशेष प्रावीण्य मिळवून गेले.

नुसते शब्द बघून अडवायचं म्हटलं तर काय होतं, याचीही एक गोष्ट त्याने सांगितली. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचं पोलादाचे कारखाने असलेलं सरळमार्गी गाव आहे. दुर्दैवाने त्या नावाच्या स्पेलिंगच्या पोटात एक असभ्य इंग्रजी शब्द बसलाय. १९९६ साली एओएल कंपनीच्या चाळणीला तो दिसला आणि गावकऱ्यांना स्वतःच्या गावाचं नाव घालून खातंच उघडता येईना. या प्रकाराला संगणकवाले अजून ‘स्कनथॉर्प प्रॉब्लेम’ म्हणतात. पुरुषांच्या विशिष्ट अडचणीवरचं सियालिस नावाचं औषध तर ‘स्पेशालिस्ट’ आणि ‘सोशालिस्ट’ या दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगमध्ये अख्खंच्या अख्खं सापडतं. डॉक्टरांचं एक वेळ समजू शकतो. पण आयुष्य खादीत काढलेल्या आपल्या समाजवादी मंडळींवर हा संशय यावा, हे फार झालं.

हा धंदा सुरू कुणी केला, ते ऐकून मी संपादकांना जवळजवळ माफच केलं. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रीवाल्याने आर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी पत्र धाडलं. पत्ते एवढे झाले की ‘प्रति’च्या जागेत मावेनात, ते खाली मजकुरात सांडले. आणि पत्रात काय होतं? आमचे नवे संगणक बघायला या. म्हणजे जगातला पहिला स्पॅम हेसुद्धा सस्नेह निमंत्रणच होतं. लोक भडकले. एकशे चाळीसांना लिहिणारे आमचे संपादक त्या मानाने संयमी.

नाव पडलं ते डबाबंद मांसावरून. हॉर्मेल कंपनीने १९३७ साली काढलेला डुकराच्या मांसाचा डबा, स्पॅम. पुढे १९७० साली बीबीसीवर ‘माँटी पायथन’वाल्यांनी एक प्रहसन केलं. त्यातल्या खानावळीत कुठलाही पदार्थ मागा, त्यात स्पॅम असतोच, आणि मागे बसलेले व्हायकिंग ‘स्पॅम, स्पॅम’ असा गजर करून कुणाला काही बोलू देत नाहीत. आपल्याकडच्या लग्नात आचारी जसा सगळ्या भाज्यांत बटाटा सरकवतो, त्यातलाच प्रकार. फक्त बटाट्यावर कुणी प्रहसन केलं नाही. गंमत पुढेच आहे. स्पॅम नसलेल्या, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या पत्राला या क्षेत्रातले लोक ‘हॅम’ म्हणतात. तेही डुकराचंच. म्हणजे नकोसं पत्रही मांसाहारी आणि हवंसं पत्रही मांसाहारी. शाकाहारी घरात श्रावणात मेल उघडायची सोय राहिली नाही.

या सगळ्यात मला आपला वाटला तो एकच माणूस, थॉमस बेझ. अठराव्या शतकातला इंग्रज पाद्री. एखादी गोष्ट घडल्याच्या खुणा दिसल्या, तर ती घडली असण्याची शक्यता किती, याचा हिशेब त्याने मांडला. जिवंतपणी तो छापून आला नाही. १७६१ साली बेझ गेला. मग रिचर्ड प्राइस नावाच्या मित्राला कागदांत ते बाड सापडलं, त्याने ते रॉयल सोसायटीकडे पाठवलं आणि १७६३ साली ते छापलं गेलं. लेखक म्हणून मला याचं विशेष काही वाटत नाही. माझे दोन लेख एका मासिकाकडे त्याच वाटेवर आहेत. पण त्या हिशेबाचा असा उपयोग होईल हे बेझलाही सुचलं नसेल. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकवाल्याने ‘अ प्लॅन फॉर स्पॅम’ या निबंधात सांगितलं, की काय वाईट ते आपण ठरवू नका, यंत्राला नकोशा पत्रांचा एक ढीग द्या, हव्याशांचा दुसरा द्या, आणि कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते त्यालाच मोजू द्या. मोजल्यावर त्याला दिसलं, की लालभडक रंगासाठी संगणकात जो संकेत लिहितात, तो संकेत अश्लील शब्दांइतकाच स्पॅमची खात्रीची खूण आहे. हे ऐकून मी पुन्हा आमच्या निमंत्रणाकडे बघितलं. पहिलं वाक्य लालच होतं.

ग्रॅहम तसा न्यायी माणूस. एखादा स्पॅम आत आला तर चालेल, पण खरं पत्र अडकता कामा नये, म्हणून त्याने चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजदाद दुप्पट धरली. शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, असं आपल्या मराठी सिनेमातला जज्ज म्हणतो, तेच. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला मात्र हे तत्त्व अजून कळलेलं नाही. तो टाय बांधलेल्या विमा एजंटला सलाम ठोकून लिफ्टचं दार उघडून देतो. आणि कोकणातून खांद्यावर फणस घेऊन आलेल्या माझ्या सख्ख्या चुलतभावाला त्याने पाऊण तास गेटवर उभं केलं होतं. फणस उतरवून ठेवायलाही दिलं नाही, “स्टिल्टमध्ये सामान ठेवायला बंदी आहे” म्हणून.

कागदपत्रांचं तसंच आहे, भाचा म्हणाला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केलेत. दिवसाला पाच हजारांच्या वर पत्रं पाठवणाऱ्याला तर तीन-तीन दाखले लागतात, पण किरकोळ पाठवणाऱ्यालाही एखादा हवाच. पहिला एसपीएफ, म्हणजे आमच्या नावाने पत्रं टाकायचा अधिकार कुठल्या कुठल्या पोस्टाला आहे त्याची यादी. दुसरा डीकेआयएम, म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, वाटेत कुणी फोडलं तर कळावं म्हणून. तिसरा डीमार्क, म्हणजे वरचे दोन जुळले नाहीत तर पत्राचं काय करायचं याची सूचना. व्यवस्थापकांच्या मेहुण्याने यातलं काहीच केलेलं नव्हतं. तेव्हा आमच्या संपादकांचं पत्र बिनरेशनकार्डाचं, बिनआधारचं, तोंडावर रुमाल बांधून रात्रीचं गेटवर आल्यासारखं होतं.

मी लगेच संपादकांना फोन लावला. “तुमच्या मेलला एसपीएफ नाही,” मी म्हणालो.

पलीकडे जरा शांतता. “किती नंबरचं लावायचं? आमच्या घरी पन्नासचं असतं.”

“ते उन्हाचं हो.”

“मग पावसाळ्यात कशाला?”

शेवटी भाच्याने फोन घेतला आणि मेहुण्याचा नंबर मागितला. मेहुणा आता संगणकात नाही. त्याचं अंबरनाथला मोमोजचं दुकान आहे. बरं चालतं, असं तो म्हणाला.

मग माझ्या बाजूचा बंदोबस्त. ‘हे स्पॅम नाही’ हे बटण दाबून संपादकांची सुटका झाली. त्यांचा पत्ता ओळखीच्यांच्या यादीत टाकला. भाचा म्हणाला, एवढं पुरे. पण एकदा दुधाने तोंड पोळल्यावर मी एवढ्यावर थांबणारा नव्हतो. तो गेल्यावर मी स्वतःच एक नियम करून ठेवला, की ज्या पत्रात ‘सस्नेह’ किंवा ‘निमंत्रण’ येईल ते कधीही स्पॅममध्ये जाता कामा नये. चांगल्या घरचे शब्द आहेत, मी म्हटलं, कुठे वाईट मार्गाला लागणार?

आठवड्याभरात कळलं, की हे दोन शब्द मराठीतल्या सगळ्या दुकानदारांनी फार पूर्वीच पळवलेत. कर्जतजवळ डोंगरउतारावर सेकंड होम बघायला सहकुटुंब या, येण्याजाण्याची बस आणि जेवण मोफत, सस्नेह निमंत्रण. मधुमेहाची तपासणी, सस्नेह निमंत्रण. कोण्या सभागृहात येवल्याच्या पैठण्यांचं प्रदर्शन व विक्री, केवळ तीन दिवस, महिलांना सस्नेह निमंत्रण. हे शेवटचं नेमकं बायकोने वाचलं. तो नियम मला एक पैठणी आणि एक ‘सहज आवडली म्हणून’ घेतलेली सेमी-पैठणी एवढ्याला पडला. दिवाळी अंकाच्या मानधनात यांतली फक्त सेमी आली असती.

खरा धक्का पुढे होता. आणि तो लिहायला हरकत नाही, कारण बायको माझे लेख वाचत नाही.

माझे साडू निवृत्त अधिकारी आहेत. ते रोज सकाळी सहाला सुविचार पाठवतात. व्हॉट्सअॅपवर नाही, मेलवर, कारण मेलचं रेकॉर्ड राहतं. उगवता सूर्य, एक बगळा, त्यावर तिरक्या अक्षरांत ‘जीवनात समाधान हेच खरे धन’ आणि खाली साडूंचं निवृत्तीपूर्व हुद्द्यासकट नाव. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मला ते सहन झालं नाही आणि मी ‘स्पॅम म्हणून कळवा’ हे बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीही दाबलं. चार दिवस दाबलं. पाचव्या दिवशी बगळा आला नाही. मला वाटलं, साडूंना खरोखरच समाधान लाभलं.

मे महिन्यात त्यांच्या नातवाची मुंज झाली आणि आम्हाला बोलावणं नाही. फोटो तेवढे बघायला मिळाले. बायकोने सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं. “एका मेलने काम झालं असतं,” असं ती ज्याला त्याला सांगायची. मीही तिच्या बाजूने भरपूर बोललो. साडूंच्या स्वभावावर तर माझ्याकडे मुद्दे तयारच होते.

भाच्याकडून बटणांचे गुणधर्म ऐकताना माझ्या पाठीवर घाम आला. यंत्र शिकतं, तो सांगत होता, तू ज्याला नको म्हणशील त्याला ते लक्षात ठेवतं. मी विषय बदलून कांदाभजी मागवली. पत्रिका स्पॅममध्येच आली असणार, आणि मे महिन्यातल्या पत्राचे तीस दिवस केव्हाच भरले होते. पुरावा उरला नव्हता. त्या रात्री मी हळूच साडूंनाही ओळखीच्यांच्या यादीत घातलं. आता सकाळी सहाला बगळा पुन्हा येतो. मी तो पूर्ण वाचतो. बहिणी-बहिणींचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

या सगळ्यातून एक झालं. लेखाला विषय मिळाला. पंधरा ऑगस्टच्या आधी दोन दिवस मी इथपर्यंतचा लेख संपवला आणि संपादकांच्या मेलवर पाठवला. विषयाच्या ओळीत नुसतं ‘लेख’. उद्गारचिन्ह एकही नाही. रंग काळा. युनिकोड. भाच्याला अभिमान वाटावा असं पत्र.

सतरा तारखेला संपादकांचा फोन. “तुमचाच तेवढा राहिलाय.”

“पाठवलाय. तेरालाच.”

“नाही हो आला.”

“स्पॅममध्ये बघा.”

“कुठे असतं ते?”

भाच्याला विचारलं. त्याने लेख वाचला आणि कपाळाला हात लावला. “मामा, यात डॉलरवाली विधवा आहे, टक्कल आहे, बिनतारण कर्ज आहे, ते पुरुषांचं औषध नाव घालून आहे. कोण आत घेणार?” सभ्य भाषेत पुन्हा लिहून दे म्हणाला. टकलावरच्या तेलाला सभ्य भाषेत काय म्हणतात, ते मला माहीत नाही.

मग प्रिंट काढली, खाकी पाकिटात घातली, छत्री घेतली आणि लोकल पकडून मुलुंडला गेलो. संपादक बाविसाव्या मजल्यावर राहतात. गेटवर निळ्या शर्टातल्या वॉचमनने मला आधी खालून वर आणि मग वरून खाली बघितलं. एक साठीचा माणूस, चपला चिखलाच्या, बगलेत पाकीट, कपाळावर घाम. त्याने इंटरकॉम लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

“साहेबांनी बोलावलंय मला,” मी म्हणालो.

“सगळ्यांनाच बोलावलेलं असतं,” तो म्हणाला आणि रजिस्टर पुढे केलं. नाव, कुठून आलात, कुणाकडे, इतकं मी लिहिलं. शेवटचा रकाना होता ‘काम’. तिथे मी विचार करत थांबलो, तेव्हा त्याने पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच ‘मार्केटिंग’ असं लिहिलं. मग केबिनमागच्या बाकाकडे बोट दाखवलं. “तिकडे बसा.”

बाकावर आधीच तिघे होते. एक विम्याचा, एक घरपोच कर्जाची पत्रकं वाटणारा आणि एक पाण्याच्या फिल्टरवाला. त्यांनी सरकून मला जागा दिली. पाऊस लागला होता. फिल्टरवाल्याने माझ्या पाकिटाकडे बघितलं.

“तुमचं काय आहे?”

“लेख.”

“लेख,” त्याने मान हलवली. “कितीचा जातो?”